विश्लेषण : नेमबाजांना नकोशा पुंगळीला एका नेमबाजाचेच नाव कसे? हायरम बर्डन यांची गोष्ट

रायफलमधून झाडलेल्या काडतुसाची रिकामी पितळी पुंगळी घेऊन तिच्या तोंडातून टॉर्चचा उजेड आत सोडला, तर तळाशी दोनपैकी एक गोष्ट दिसते. एक तर मधोमध एकच छिद्र, किंवा मध्याच्या दोन बाजूंना दोन बारीक छिद्रे. एक छिद्र असलेली पुंगळी अमेरिका-युरोपातले नेमबाज जपून घरी नेतात, धुतात, मोजतात आणि पुन्हा भरतात. दोन छिद्रांची बहुधा भंगारात जाते. या दोन छिद्रांच्या रचनेला जगभर ‘बर्डन’ म्हणतात. ज्यांच्यावरून हे नाव पडले ते हायरम बर्डन स्वतः अमेरिकेतले अव्वल नेमबाज होते, अमेरिकी यादवी युद्धातल्या सर्वांत प्रसिद्ध नेमबाज पलटणीचे कर्नल होते आणि हाडाचे यंत्रज्ञ होते. मग त्यांचेच नाव नेमबाजांना नकोशा झालेल्या पुंगळीला कसे चिकटले?

पुंगळीला इतके महत्त्व का?

काडतुसाचे भाग चार. पुढे गोळी, मध्ये दारू, तळाशी ठिणगी पाडणारी छोटी टोपी म्हणजे प्रायमर आणि या तिन्हींना एकत्र धरणारी पुंगळी. गोळी उडून जाते, दारू जळून जाते, प्रायमर एकदाच पेटतो. मागे उरते ती पुंगळी, आणि चारही भागांत महाग तीच असते.

पितळच का, याचे उत्तर त्या धातूच्या स्वभावात आहे. दारू पेटली की आतल्या दाबाने पुंगळी फुगते आणि बंदुकीच्या खोबणीला घट्ट चिकटते. त्यामुळे तप्त वायू मागे नेमबाजाच्या तोंडावर न येता गोळीलाच पुढे ढकलतो. दाब उतरताच पुंगळी किंचित आकसते आणि सहज बाहेर निघते. फुगणे आणि पुन्हा आकसणे, दोन्ही नेमके जमणारा धातू म्हणजे साधारण ७० टक्के तांबे आणि ३० टक्के जस्ताचे पितळ. नुसते तांबे फुगते, पण पुरते मागे येत नाही. आज हे पाठ्यपुस्तकात मिळते. बर्डन यांच्या तरुणपणी मात्र हे कोणालाच नीट माहीत नव्हते, बंदुका कागदात गुंडाळलेल्या दारूवर चालत होत्या.

सोने दळणारा, पाव भाजणारा इंजिनीअर

हायरम बर्डन यांचा जन्म ६ सप्टेंबर १८२४ रोजी न्यूयॉर्क राज्यातल्या फेल्प्स गावचा. बालपण मिशिगनमध्ये गेले. पुढे ते न्यूयॉर्क शहरात यांत्रिक अभियंता म्हणून स्थिरावले. कॅलिफोर्नियात सोने सापडल्यानंतरचा तो काळ. बर्डन यांनी सोन्याचा खनिज दगड दळून त्यातले सोने पाऱ्याने वेगळे करणारे यंत्र काढले. ते इतके पसरले की न्यूझीलंड आणि ऑस्ट्रेलियाच्या जुन्या खाणपट्ट्यांत तसल्या फिरत्या लोखंडी भांड्याला ‘बर्डन’ हेच नाव पडले. त्यानंतर त्यांनी पाव भाजण्याची यांत्रिक भट्टी काढली. दगड असो की कणीक, एकच काम हजार वेळा अगदी सारखे करणारे यंत्र बनवायचे, हा त्यांचा ध्यास होता.

दुसरा ध्यास नेमबाजीचा. यादवी युद्धाच्या आधीची कित्येक वर्षे अमेरिकेतल्या पहिल्या फळीच्या रायफल नेमबाजांत त्यांचे नाव होते. त्या काळची स्पर्धेची बंदूक जड, पुढून ठासायची. एकेक गोळी तोलून, दारू मापून, कापडाचा तुकडा घालून भरायची. एक बार काढायला काही मिनिटे लागत. जो जास्त चिकाटीने मोजतो तो जिंकतो, हे बर्डन यांच्या अंगी इथेच मुरले.

दहा गोळ्या, पन्नास इंच

एप्रिल १८६१ मध्ये यादवी युद्ध पेटले. उत्तरेकडच्या राज्यांतून स्वयंसेवकांच्या पलटणी उभ्या राहू लागल्या. बर्डन यांनी निवडक नेमबाजांचीच पलटण उभारण्याची कल्पना मांडली आणि भरतीची अट ठेवली, ती आजच्या भरतीपरीक्षांनाही लाजवेल. उमेदवाराने २०० यार्डांवरून, म्हणजे सुमारे १८३ मीटरवरून, बंदूक टेकवून दहा गोळ्या झाडायच्या. प्रत्येक छिद्राचे केंद्रापासूनचे अंतर मोजायचे. दहाही अंतरांची बेरीज ५० इंचांच्या आत आली तरच प्रवेश. दोनऐवजी एकाच यार्डाच्या शंभरीवरून, पण काहीही न टेकवता, हाच पर्यायही होता. शेवटी एक नव्हे, दोन रेजिमेंट उभ्या राहिल्या, ‘फर्स्ट’ आणि ‘सेकंड युनायटेड स्टेट्स शार्पशूटर्स’. पहिलीचे कर्नल स्वतः बर्डन. बाकी फौज निळ्या कपड्यांत असताना यांना झाडीत लपणारा हिरवा गणवेश मिळाला.

पण हत्यार मिळेना. बर्डन यांना हवी होती ‘शार्प्स’ रायफल, मागून भरायची, झोपून किंवा झाडाआड राहूनही मिनिटाला कित्येक बार काढणारी. लष्कराच्या शस्त्र विभागाचे प्रमुख जेम्स रिप्ली यांना भरभर झाडणाऱ्या बंदुकांचेच वावडे होते. शिपाई दारूगोळा उधळतील, असे त्यांचे मत. राष्ट्राध्यक्ष अब्राहम लिंकन यांनी या नेमबाजांची छावणी पाहिली, स्वतः बंदूक चालवून पाहिली. त्या दिवशी बर्डन यांनी पुतळ्याच्या डोळ्याचा नेम आधी सांगून साधला, असा किस्सा सांगितला जातो. किस्सा रंगवलेला असेल, पण लिंकन यांचा कौल बर्डन यांच्या बाजूने पडला हे खरे. तरीही पलटणीला आधी कोल्टच्या फिरत्या चकतीच्या रायफली घ्याव्या लागल्या आणि शिपायांनी त्यावर जवळजवळ बंडच केले. ‘शार्प्स’ हातात आल्या त्या १८६२ च्या मध्यावर.

या शार्प्सचे काडतूस कागदाचे किंवा तागाच्या कापडाचे असे. खोबणीत सारले की मागचा ठोकळा वर येताना त्याची शेपटी कापायचा आणि दारू उघडी पडायची. ठिणगीसाठी तांब्याची टोपी वेगळी बसवायची. पावसात काडतूस दमट होई, सांध्यातून आग आणि वायू बाहेर येई, शेवाळ्यासारखी काजळी साचे. काटेकोर मोजणाऱ्या माणसाला हे रोज दिसत होते.

शूर की पळपुटे?

बर्डन यांच्या चरित्रातला हा सर्वांत अडचणीचा भाग. त्यांच्या पलटणी शूर होत्या याबद्दल दुमत नाही. १८६२ च्या व्हर्जिनियातल्या मोहिमेत, मे १८६३ मध्ये चान्सेलर्सव्हिलला आणि २ जुलै १८६३ ला गेटिसबर्गच्या पिट्झर जंगलात त्यांनी जे केले ते लष्करी इतिहासात शिकवले जाते. पण कर्नल स्वतः गोळीबाराच्या वेळी कुठे असत, हा प्रश्न त्यांच्याच हाताखालच्या अधिकाऱ्यांनी विचारला. लढाई सुरू झाली की यांना मागे काहीतरी काम निघते, अशा तक्रारी झाल्या. वरिष्ठांशीही त्यांचे पटत नसे.

गेटिसबर्गच्या दुसऱ्या दिवशी बर्डन सुमारे शंभर नेमबाज आणि मेन राज्याची एक रेजिमेंट घेऊन टेहळणीला जंगलात शिरले आणि अलाबामाच्या तुकड्यांवर धडकले. चकमक थोडा वेळच चालली. पुढच्या आयुष्यात मात्र या थोड्या वेळानेच शत्रूचा हल्ला लांबवला आणि लढाईचा निकाल फिरवला, असा दावा ते करत राहिले. बहुतेक इतिहासकार तो इतका मोठा मानत नाहीत. आपल्या मालाची जाहिरात करायची सवय असलेला संशोधक युद्धाच्या हकिकतीतही जाहिरातच करत होता, असे वाटल्याशिवाय राहत नाही. २ जानेवारी १८६४ रोजी, युद्ध संपायला सव्वा वर्ष असताना, त्यांनी राजीनामा दिला. नंतर त्यांना मानद जनरल पद मिळाले आणि ते आयुष्यभर ‘जनरल बर्डन’ म्हणवले गेले.

सैनिक म्हणून त्यांची कारकीर्द इथे संपली. ज्यासाठी त्यांचे नाव उरले ते काम यानंतरचे.

१८६६ : ऐरण आत की बाहेर?

युद्धाच्या शेवटी शेवटी धातूची काडतुसे आली होती, पण त्यांत ठिणगीचा मसाला पुंगळीच्या तळाच्या कडेतच भरलेला असे. बंदुकीच्या घोड्याने ती कड चेपायची, म्हणून तळ पातळ ठेवावा लागे, आणि तळ पातळ म्हणून जास्त दारू भरता येत नसे. फाटायची भीती. यावर उपाय एकच होता. ठिणगी कडेत न ठेवता मधोमध वेगळ्या टोपीत ठेवायची आणि तळ हवा तितका जाड करायचा.

टोपीतला मसाला पेटायला मात्र मागून घोडा आणि समोर काहीतरी टणक, असा दोघांमध्ये चेंगरावा लागतो. लोहाराच्या भाषेत, हातोडा आहे पण ऐरण हवी. ती ऐरण कुठे ठेवायची, एवढाच प्रश्न होता.

बर्डन यांनी २० मार्च १८६६ रोजी अमेरिकेत पेटंट घेतले, क्रमांक ५३३८८. त्यांचे उत्तर असे होते की ऐरण पुंगळीच्याच तळाला, टोपीच्या खळग्यात मधोमध उंचवटा करून घडवायची आणि तिच्या बाजूला छिद्रे ठेवून आग आत सोडायची. प्रायमर म्हणजे मग मसाला भरलेली नुसती वाटी. स्वस्त, सोपी, लाखोंनी करता येणारी.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये इंग्लंडमध्ये दुसरे पेटंट निघाले. वूलिच इथल्या रॉयल लॅबोरेटरीचे प्रमुख कर्नल एडवर्ड बॉक्सर यांनी ऐरणीचा तुकडा प्रायमरच्याच वाटीत बसवला. पुंगळीच्या तळाला मग मधोमध एक साधे छिद्र पुरे.

दोन कर्नल, एकच वर्ष, एकच प्रश्न. फरक पुंगळी रिकामी झाल्यावर कळतो. बॉक्सरच्या पुंगळीत वरून एक सुई घातली की ती मधल्या छिद्रातून जाते आणि जळका प्रायमर एका दाबात खाली पडतो. बर्डनच्या पुंगळीत मधोमध ऐरणच आडवी येते. सुई वाकते किंवा तुटते. प्रायमर काढायला बाहेरून आकड्याने उचकटावा लागतो किंवा आत पाणी भरून दाबाने ढकलावा लागतो. एकदा ठीक, शंभर वेळा कोण करणार?

रशियाची ‘बर्दान्का’

बर्डन यांचे नशीब मायदेशात नव्हे, रशियात उघडले. क्रिमियन युद्धात मार खाल्लेला रशिया नवी रायफल शोधत होता. गोर्लोव्ह आणि गुनियस हे दोन रशियन अधिकारी अमेरिकेत येऊन राहिले, अनेक बंदुका तपासल्या आणि बर्डन यांची निवडली. तीही जशीच्या तशी नाही. व्यास कमी करून ४.२ ‘लाइन’, म्हणजे सुमारे १०.७ मिलिमीटर केला, बंदुकीत दुरुस्त्या सुचवल्या. पहिल्या सुमारे तीस हजार रायफली हार्टफर्डच्या कोल्ट कारखान्यात झाल्या.

काडतुसे कनेक्टिकटमधल्या ब्रिजपोर्टच्या युनियन मेटॅलिक कार्ट्रिज कंपनीत बनली. इथे कारखान्याची सूत्रे आल्फ्रेड हॉब्स यांच्याकडे होती. १८५१ च्या लंडनच्या जागतिक प्रदर्शनाच्या वेळी, कोणाला उघडत नाही म्हणून मिरवले जाणारे ब्रामा कंपनीचे कुलूप उघडून दाखवणारे हेच ते हॉब्स. कुलपाच्या किल्लीत केसभर फरक ओळखणारा माणूस पुंगळीच्या जाडीवर देखरेख करत होता, हा योग चांगला जुळला. या कारखान्यात रशियासाठी जी पुंगळी तयार झाली ती अखंड पितळाची, मानेशी अरुंद आणि ताणून घडवलेली होती.

‘ताणून घडवणे’ समजून घ्यायला पुण्याच्या तांबट आळीची आठवण पुरे. भांडे ठोकत गेले की धातू कडक होतो, आणखी ठोकले तर तडकतो. म्हणून मधूनमधून तापवून नरम करायचे. पुंगळीचेही तसेच. पितळेच्या चकतीची आधी वाटी, मग साच्यातून दाबत दाबत उंच नळी, प्रत्येक टप्प्यानंतर भट्टी. शेवटी तळ कडक राहिला पाहिजे, नाहीतर दाबाने पसरेल. मान नरम राहिली पाहिजे, नाहीतर चिरेल. एकाच तुकड्यात दोन स्वभाव. पुंगळी चांगली की वाईट हे मुख्यतः इथेच ठरते.

त्या मानाने बॉक्सर यांची सुरुवातीची पुंगळी म्हणजे पितळेचा पातळ पत्रा गुंडाळून खाली लोखंडी बूड लावलेली वस्तू होती. १८८५ मध्ये सुदानच्या वाळवंटात अबू क्लीच्या लढाईत तापलेल्या मार्टिनी-हेन्री रायफलींत ती अडकली आणि इंग्रज शिपाई हातघाईवर आले. प्रायमर बॉक्सरचा चांगला, पण पुंगळी कच्ची. बर्डनची पुंगळी पक्की, पण प्रायमर अडवणारा. इतिहासाला दोन्हींतले चांगले एकत्र करायला आणखी काही वर्षे लागली.

१८६९ मध्ये बर्डन स्वतः रशियात गेले आणि खिटीच्या, म्हणजे बोल्टच्या, दुसऱ्या रायफलीचा नमुना दाखवला. १८७० ची ही ‘बर्डन-२’ आधी बर्मिंगहॅमला आणि मग तुला, इझेव्स्क, सेस्त्रोरेत्स्क इथल्या सरकारी कारखान्यांत बनली. १८९१ मध्ये मोसिन रायफल येईपर्यंत ती रशियन फौजेची मुख्य रायफल होती आणि निवृत्त झाल्यावर शिकाऱ्यांच्या, राखणदारांच्या हाती गेली. रशियन भाषेत ‘बर्दान्का’ हे जुन्यापान्या बंदुकीचे सामान्यनामच झाले, आपल्याकडे वनस्पती तुपाला ‘डालडा’ झाले तसे. व्लादिमीर आर्सेन्येव्ह यांच्या पुस्तकातला आणि अकिरा कुरोसावा यांच्या १९७५ च्या चित्रपटातला वृद्ध शिकारी देर्सू उझाला आठवतो? त्याची जुनी बंदूक बर्दान्काच.

अमेरिकेने अमेरिकी रचना का सोडली?

आता मूळ कोड्याकडे. इंग्रज बॉक्सर यांचा प्रायमर आज अमेरिकेत घरोघर आहे आणि अमेरिकी बर्डन यांचा युरोप-आशियाच्या लष्करी काडतुसांत. उलटे झाले, ते तंत्रामुळे कमी आणि गिऱ्हाइकामुळे जास्त.

युरोपीय फौजांचा हिशेब सोपा होता. शिपाई झाडेल, पुंगळी रणांगणात पडेल, गोळा झालीच तर वितळवायला जाईल. पुन्हा भरायचीच नाही, मग प्रायमर जितका स्वस्त तितका बरा. बर्डन जिंकले. अमेरिकेत मात्र गिऱ्हाईक पश्चिमेकडचा शिकारी होता. शेकडो मैल दुकान नाही. तो पुंगळ्या खिशात घालून आणे, रात्री शेकोटीजवळ शिसे वितळवून गोळ्या ओतून भरे. त्याला एका दाबात प्रायमर निघणारीच पुंगळी हवी. लष्कराचाही सराव महाग पडत होता. १८८० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकी लष्कराने पुन्हा भरता येणारी, बाहेरून प्रायमर बसवायची पुंगळी स्वीकारली आणि छावण्यांना भरण्याची हत्यारे दिली.

लष्कराला पितळाचा धडा जरा उशिराच मिळाला. १८७६ मध्ये लिटल बिगहॉर्नला जनरल कस्टर यांची तुकडी सू आणि चेयेन योद्ध्यांनी कापून काढली, तेव्हा त्यांच्या कार्बाइनमध्ये तांब्याच्या पुंगळ्या होत्या. त्या अडकल्या म्हणून पराभव झाला, अशी बोंब झाली. १९८० च्या दशकात पुरातत्त्वज्ञांनी ते मैदान खणले तेव्हा सुरीने उचकटल्याच्या खुणा अगदी थोड्या पुंगळ्यांवर सापडल्या. पराभवाचे खापर तांब्यावर फोडणे सोयीचे होते इतकेच. तरी तांबे गेले आणि पितळ आले ते बरेच झाले.

आजचे नेमबाज पुंगळीची परीक्षा कशी करतात?

बर्डन यांनी दहा गोळ्यांची अंतरे मोजली, तीच वृत्ती आज पुंगळीवर उतरली आहे. लांब पल्ल्याच्या स्पर्धेतला खेळाडू ५० नव्या पुंगळ्या घेतो आणि प्रत्येक काट्यावर तोलतो. वजनात फरक म्हणजे भिंत कुठेतरी जाड, आतली जागा कमी. जागा कमी म्हणजे तितक्याच दारूला दाब जास्त आणि गोळीचा वेग वेगळा. लष्करी ७.६२ मिलिमीटरच्या पुंगळ्या बाजारातल्या त्याच मापाच्या ‘३०८ विंचेस्टर’पेक्षा साधारणपणे जाड असतात, म्हणून एकीचे माप दुसरीला लावणे धोक्याचे मानले जाते. मानेची जाडी सगळीकडून सारखी हवी, नाहीतर गोळी एका बाजूने आधी सुटते. तळाचे छिद्र पाडताना आत कोर राहिली तर ठिणगी वाकडी जाते.

फिनलंडच्या लापुआचे नाव घेतले जाते ते याच कारणांसाठी. तिच्या पुंगळ्यांत आपसात फरक कमी असतो. स्वीडनची नॉर्मा याच रांगेतली. अमेरिकेच्या मिसुरीतल्या लेक सिटी या सरकारी कारखान्याच्या पुंगळ्या स्वस्तात आणि ढिगाने मिळतात, पण प्रायमर हलू नये म्हणून भोवती चेपलेली कड आधी काढावी लागते. शिवाय भिंत जाड. महाग पुंगळी घेतली की नेम आपोआप सुधारतो, असा एक समज आहे. तो शंभर मीटरवर शिकार करणाऱ्याच्या बाबतीत तरी फोल आहे. तिथे हात आणि श्वास यांतच फरक जास्त असतो. सहाशे यार्डांपुढे मात्र पुंगळी बोलू लागते.

आणखी एक कसोटी फक्त वेळ सांगते. किती वेळा भरल्यावर तळातला प्रायमरचा खळगा सैल पडतो? तळाचे पितळ कडक असेल तर उशिरा. मान चिरू नये म्हणून जाणकार ती ठरावीक वेळांनंतर पुन्हा तापवून नरम करतात. लष्करी पुंगळ्यांच्या मानेवर दिसणारा निळसर-तपकिरी डाग म्हणजे हेच तापवणे. तो गंज नव्हे. नागरी कंपन्या हा डाग घासून पुसतात, एवढेच.

या सगळ्यात युरोपीय कंपन्याही भरून वापरायच्या पुंगळ्या बॉक्सर पद्धतीच्याच विकतात. बर्डन प्रायमरने नेम बिघडतो असे नाही, ठिणगी तितकीच चांगली पडते. तो फक्त दुसऱ्यांदा साथ देत नाही.

पावसाळा, घोड्यांचे तबेले आणि खडकी

पुंगळीच्या दर्जाचा एक धडा मात्र भारतातूनच जगाला मिळाला. एकोणिसाव्या शतकात इथल्या ब्रिटिश फौजेची काडतुसे पावसाळ्यात तबेल्यांजवळ साठवली जात. पाऊस ओसरल्यावर पेट्या उघडल्या की न झाडलेल्या काडतुसांच्याच माना चिरलेल्या. ऋतूच्या ओघात पडणारी चीर म्हणून धातुशास्त्रात तिला ऋतूचेच नाव पडले. कारण समजायला १९२१ उजाडले. घोड्यांच्या मुतातून सुटणारा अमोनिया, दमट हवा आणि घडवताना पितळात दडून राहिलेला ताण, हे तिन्ही एकत्र आले की पितळ फाटते. उपाय तोच, तांबटाचा. शेवटी हलके तापवून ताण काढायचा.

पुण्याजवळ खडकीत दारूगोळा कारखाना सुरू झाला तो १८६९ मध्ये, म्हणजे बर्डन रशियाला गेले त्याच वर्षी. ब्रिटिशांनी पुढे ३०३ रायफलसाठी बर्डन पद्धतीचाच प्रायमर घेतला आणि ‘के’ आणि ‘एफ’ ही अक्षरे तळावर कोरलेली खडकीची काडतुसे दोन्ही महायुद्धांत झाडली गेली. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यात मुंबईच्या ‘सीएसटी’वर काही पोलिसांच्या हाती होत्या त्या ३०३ च. घरी पुंगळ्या भरण्याचा छंद आपल्याकडे नाही, कारण शस्त्र कायदा १९५९ नुसार परवान्याशिवाय काडतूस तयार करणे हा गुन्हा आहे. त्यामुळे पुंगळीत छिद्र एक की दोन, हा प्रश्न इथे फॉरेन्सिक प्रयोगशाळेबाहेर फारसा कोणी विचारत नाही.

शेवटची वर्षे

बर्डन नंतर बरीच वर्षे युरोपात राहिले, काही काळ कॉन्स्टँटिनोपलला. अंतर मोजण्याचे यंत्र, तोफगोळा ठरल्या अंतरावर फोडणारा फ्यूज, पाणतीरांविरुद्धची जाळी चुकवणारी पाणतीर-नौका, पाण्याखालची बोट असे एकामागून एक शोध ते सरकारांना विकायला नेत. रशियाला रायफल विकणारा माणूस रशियाच्या शत्रूच्या राजधानीत बिऱ्हाड करून होता, याचे त्या काळी कोणाला विशेष वाटलेले दिसत नाही. तिथेच १८८४ मध्ये त्यांची मुलगी एलिझाबेथ हिचे कादंबरीकार एफ. मॅरियन क्रॉफर्ड यांच्याशी लग्न झाले. हे क्रॉफर्ड आधी अलाहाबादला ‘इंडियन हेरल्ड’चे संपादक होते आणि त्यांची पहिली कादंबरी, १८८२ ची ‘मिस्टर आयझॅक्स’, भारतातच घडते.

मायदेशी परतल्यावर बर्डन यांची शेवटची लढाई आपल्याच सरकारशी होती. लष्कराच्या स्प्रिंगफील्ड रायफलीत आपल्या पेटंटचे भाग मोबदला न देता वापरले, असा त्यांचा दावा. खटला रेंगाळत राहिला. ३१ मार्च १८९३ रोजी वॉशिंग्टनमध्ये वयाच्या ६८ व्या वर्षी त्यांचे निधन झाले आणि आर्लिंग्टनच्या लष्करी दफनभूमीत त्यांना जागा मिळाली. दोन वर्षांनी, १८९५ मध्ये, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या कंपनीला भरपाई देणारा निकाल कायम केला. तोवर अमेरिकी लष्कराने स्प्रिंगफील्ड सोडून नॉर्वेची क्रॅग रायफल घ्यायला सुरुवात केली होती आणि तिच्या काडतुसाच्या तळाशी एकच छिद्र होते.